साडूची जीप आणि माझी मोटर

सासऱ्याच्या अंगणात पहिली मोटर लागली ती माझी. साडूची जीप त्यानंतर आली. ज्याला खोटं वाटते त्यानं गावात जाऊन विचारावं, त्या वेळचे म्हातारे अजून आहेत एकदोन.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं साडू घडीघडी येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस त्याच्यावर जळतो. जळतोच. थोरला जवाई मी. सासऱ्याला पोरगा नाही, दोन पोरीच, आणि सासू लवकर गेली. तेव्हा त्या घरच्या ओसरीवर पाय लांब करून बसायचा पहिला मान माझा. मी बसायचोही. पण हा धाकटा जवाई येऊन नुसती मांडी घालून बसला, की म्हातारा त्याच्याकडंच तोंड करून बोलायला लागायचा.

मी घाटंजीच्या एका जिनिंगवर डायवर होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगा एकेक करून बंद पडल्या, तशी आमचीही पडली. जाताना शेठ म्हणाला, "या मोटरले तुह्याशिवाय कोनी सांभाळू शकत नाई. तूच घेऊन जाय." लोक म्हणतात दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं म्हणून दिली. लोकांना काय, शेठ काय म्हणाला ते मी कानानं ऐकलं आहे. पांढरी, गोल नाकाची, पेट्रोलची जुनी मोटर. मागचं दार थोडं उचलून लावावं लागे आणि टाकीच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं, वळणावर पेट्रोलचा वास यायचा. बाकी गाडी सोन्यासारखी. तिच्यात मी नवरदेव नेले, बाळंतिणी आणल्या.

साडू पांढरकवड्याचा. त्याच्याकडं डिझेलची काळी-पिवळी जीप. तिचं सगळं काम तो स्वतःच करायचा आणि हात चांगला आहे म्हणायचे लोक. माझी बायकोही म्हणायची. ते मला जास्त लागायचं.

त्या साली धोंड्याचा महिना आला आणि सासऱ्यानं आम्हां दोघांही जवायांना वाण द्यायला बोलावलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाव येईल, भाव येईल करत म्हाताऱ्यानं मागच्या हंगामाचा कापूस विकलाच नव्हता. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता, आणि आम्हां जवायांचे पाट त्या कापसाला टेकूनच मांडले. जेवताना पाठीला गादी. अनारसे पोटभर झाले. कपडे दिले तेव्हा मात्र मी पाहिलं, मला पांढरं धोतर, साडूला निळं पॅन्टपीस. मी काही बोललो नाही. घरी येऊन बायकोला बोललो.

सासरा हा फार जपणारा माणूस. त्याच्या घरात झाकण नावाची वस्तू नव्हती. रॉकेलचा डबा, गोडेतेलाची बाटली, बियाण्याचं मडकं, फवारणीचा पंप, सगळ्यांच्या तोंडाला कापसाचा बोळा, वरून जुन्या धोतराच्या चिंधीनं आवळलेला. झाकण हरपते, बोळा कधी हरपत नाही, म्हणायचा. त्या साली त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस आवाजावरून ओळखायचा. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. साडूला लागला नाही.

जेवणं झाल्यावर म्हातारा म्हणाला, "दिवाळी झाली, थंडी पडली, का यवतमाळले जाऊन डोळ्याचं करून घेतो. कोन नेता मले?"

आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "मी."

म्हातारा हसला. मग म्हणाला, "थोरल्या जवायाच्या मोटरीत गादी मऊ हाय. तिच्यातच जातो मी."

साडूनं पान तोंडात टाकलं आणि अंगणाकडं पाहत राहिला. त्या दिवशीचा अनारसा मला अजून आठवतो.

मोटर बिघडली ती त्यानंतरच. बायकोला घेऊन केळापूरच्या देवीला निघालो होतो. सपाटीला गाडी मस्त. चढ लागला, अ‍ॅक्सिलेटर दाबला, तशी गाडी कोणी मागून पदर धरल्यासारखी ओढली गेली. दोन झटके दिले आणि बंद. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. बायको उतरून झाडाखाली बसली. बिडी संपली, सेल मारला, गाडी चालू. जशी काही बंद झालीच नव्हती. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

"साडभावजीले दाखवा एकडाव," बायको म्हणाली.

"त्याले डिझेल समजते. हे पेट्रोल हाय."

"तुमाले समजते ना पेट्रोल? मंग देवीले आपन चालत काहून जाऊन राह्यलो?"

मी चप्पल झटकून पुढं चालायला लागलो.

घरी येऊन प्लग काढले. चारही पांढरेफटक. प्लग काळा असला तर इंजिन पेट्रोल जास्त खाते, पांढरा असला तर उपाशी आहे, एवढं मला शाळेत न जाता कळते. म्हणजे करंट बरोबर होता, खाणं पोचत नव्हतं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची काचेची वाटी उघडून धुतली. कार्बोरेटर खोलून जेटात फुंकर मारली. पंपाचा पडदा बदलला. दर वेळी वाटे की झालं, आणि घाटंजी सोडून चढ लागला की गाडी दम टाकायची. भाडी तुटायला लागली. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वरातीत नवरदेवाला वऱ्हाड्यांनी गाडी ढकलत मांडवात नेलं. ती गोष्ट पांढरकवड्यापर्यंत गेली, कारण पुढच्या बाजाराला साडूनं जीप थांबवून मला विचारलं, "काय साडभाऊ, नवरदेवाले मुंडावळ्या बांधल्या होत्या का दोर?"

त्याच्या जिपीत तेव्हा माणसं टपावरपण बसलेली होती. सगळे हसले.

थंडी पडली. दवाखान्यात सकाळी हजर व्हायचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशी सकाळीच सासुरवाडीला निघालो. गावाच्या अलीकडं एक चढ आहे, लहानसाच, बैलगाडीवाले तो चढ मोजतही नाहीत. तिथं माझी मोटर बसली. मी थांबलो, सेल मारला, दहा पावलं चालली, पुन्हा बसली. शेवटी एक ओळखीचा कास्तकार कापूस वेचणाऱ्या बायांना सोडून बैलजोडी घेऊन परत चालला होता, त्यानं बैल लावले. मी स्टेअरिंग धरून आत बसलो आणि गावात शिरलो.

सासऱ्याच्या दारात साडूची जीप आधीच उभी होती.

साडू बाहेर आला, कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. "साडभाऊ, हे बैल पेट्रोलवर हायेत का डिझेलवर?"

"तुमाले कोनं बोलावलं?" मी म्हणालो. एरवी मी त्याला तुम्हीच म्हणतो. साडूला मान द्यावाच लागते.

"मामाजीचे डोळे हायेत. बोलवाले कायले पायजे?"

ओसरीवरून म्हाताऱ्यानं आवाज दिला, "थोरले जवाई आले का? मोटरीचा आवाज नाई आला. बैलाच्या घंट्या आल्या."

"आली मामाजी मोटर."

"बिघडली असन तर राहू द्या. धाकल्या जवायाची जीप हाय दारात."

हे बोल माझ्या छातीत लागले. म्हातारा सरळ मनानं बोलला होता, पण साडूनं खाली मान घालून जे हसू लपवलं ते सरळ नव्हतं. मी म्हणालो, "सकाळी मोटर तयार राहीन. गादी मऊ हाय तिची." आणि बाह्या वर केल्या.

साडूनं न विचारता बॉनेट उघडलं. दुसऱ्याच्या मोटरीचं बॉनेट न विचारता उघडणं म्हणजे काय, हे गाडीवाल्यालाच कळते. माझ्या हातातला पाना उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"उभी असली का बंद पडते?" त्यानं विचारलं.

"नाई."

"सपाटीले?"

"नाई. चढावर. थांबलं का पुन्हा चालू होते."

"मंग पेट्रोल पोचत नाई."

"हे मी श्रावणातच सांगतलं."

"कोनाले सांगतलं?"

"बायकोले."

तो पंपावर हात ठेवून म्हणाला, "उन्हाच्या टायमाले पेट्रोलची वाफ होते पंपात. ओली चिंधी बांधा."

"थंडी पडून राह्यली आता. सकाई हात बधिर होतात, आनि हे वाफ म्हनते."

त्याला राग आला. जिपीकडं गेला आणि प्लास्टिकची बाटली आणि एक रबरी नळी घेऊन आला. बाटलीत पेट्रोल भरलं, बॉनेटच्या कडेला दोरीनं लटकवली, टाकीकडून येणारी नळी सोडून पंपाला बाटलीची नळी जोडली. मोटर पेशंटसारखी दिसायला लागली. "न्या आता चढावर," तो म्हणाला.

मी नेली. बाजूला तो बसला. त्याच चढावर, जिथं सकाळी बैल लावले होते, मोटर गुरगुरत अशी वर गेली की मला शेठचे दिवस आठवले. वर जाऊन थांबवली. साडूनं बाटलीकडं बोट दाखवलं फक्त.

म्हणजे पंप चांगला, कार्बोरेटर चांगला, इंजिन चांगलं. जे काही होतं ते टाकीत, नाही तर टाकीपासूनच्या नळीत. इतके महिने मी इंजिनाशी भांडत होतो आणि दुखणं मागं होतं. ही बाटलीची गोष्ट मला काहून सुचू नये? मलाच सुचली असती. आणखी एक दिवस मिळाला असता तर नक्की सुचली असती. पण सुचली त्याला, आणि तीही माझ्या मोटरीवर.

परत अंगणात आलो. आता मी त्याला हात लावू दिला नाही. टाकीकडून येणारी नळी तोंडात धरली आणि ओढली. पेट्रोल सरळ आलं. थुंकलो. जोरानं ओढली, दोन घोट आलं, आणि एकदम बंद. जीभ नळीला चिकटली, इतकी ओढ. मग उलटी फुंकर मारली. टाकीत गुडगुड झालं. पुन्हा हळू ओढली, पुन्हा पेट्रोल आलं.

आता हे माझं मलाच कळलं, साडूनं नाही सांगितलं. टाकीत काहीतरी तरंगते. हळू ओढलं तर ते दूर राहते. चढावर इंजिन जोरानं ओढते, तसं ते येऊन नळीच्या तोंडाला बसते. गाडी बंद पडली की ओढ सुटते, ते पुन्हा तरंगत दूर जाते. म्हणून थांबलं की चालू.

"काहीतरी हाय आत," मी म्हणालो.

"कचरा असन."

"कचरा खाली बसते. हे पोहून राह्यलं."

छत्रीची तार वाकवून आकडा केला, टाकीच्या तोंडातून आत घातला आणि फिरवला. आकड्याला काही लागलं. हळू ओढलं तर पेट्रोलात भिजलेली एक लांब दोरीसारखी वस्तू बाहेर आली. कापूस. सुटून सुटून लांब झालेला, पण कापूसच.

माझं डोकं फिरलं. कापूस आपोआप टाकीत जाते का? धोंड्याच्या दिवशी मोटर या अंगणात उभी होती आणि साडू जेवून उठल्यावर तिच्याभोवती फिरताना मी पाहिला होता. "हे तुहं काम हाय," मी म्हणालो. तुम्ही-बिम्ही सगळं विसरलो.

"काय?"

"तूच कोंबला. मामाजी माह्या मोटरीत जातो म्हनाले, तुह्या पोटात दुखलं."

"साडभाऊ, तोंड सांभाळा. माह्या घरी कापूस पिकते का? मले असं करायचं असतं तर साखर नसती टाकली?"

"म्हनजे मनात होतं तुह्या!"

तो पुढं आला, मीही पुढं झालो. तार अजून टाकीतच होती, माझ्या हाताच्या झटक्यानं ती पुन्हा अडकली. रागातच ओढली. या वेळी बाहेर आला तो बाकीचा बोळा. त्याच्याभोवती आवळलेली धोतराची चिंधी, कडेला जांभळा काठ.

आम्ही दोघांनी त्या चिंधीकडं पाहिलं. मग ओसरीकडं. तिथं सासरा जांभळ्या काठाचं धोतर नेसून तुरीच्या शेंगा सोलत होता, बोटांनी चाचपून. त्याच्या मागं खिडकीत रॉकेलचा डबा, त्याच्या तोंडाला असाच बोळा.

धोंड्याच्या दिवशी मोटरीच्या झाकणाजवळ त्याला पेट्रोलचा वास आला असणार. त्यानं झाकण काढलं, बोळा लावला, वरून झाकण बसवलं. परत जाताना मी पंपावर पेट्रोल भरलं, तेव्हा पंपवाल्याची नळी नीट जात नव्हती, त्यानं जोर करून घातली होती. तो बोळा तेव्हा आत पडला.

साडूनं बोळा माझ्या हातातून घेतला आणि गुपचूप खिशात घातला. पेट्रोलानं त्याचा खिसा ओला झाला.

"काय सापडलं, जवाई?" म्हाताऱ्यानं विचारलं. "कायचं भांडन हाय?"

साडू माझ्याकडं पाहून डोळ्यानंच नको म्हणाला. नको तर नको, मलाही सांगायचं नव्हतं. ज्या माणसाला दिसत नाही, त्याला सकाळी दवाखान्यात न्यायचं आणि आज सांगायचं का की मामाजी, चार महिने तुमच्यामुळं? मी तोंड उघडणारच होतो काहीतरी सारवायला. पण साडू माझ्या आधी बोलला.

"काई नाई मामाजी, टाकीत घाण होती. साडभाऊनं शोधून काढली. मले तर सात जनमात सुचलं नसतं."

बाटली त्यानं लटकवली होती. अर्धं काम त्याचं होतं. तरी सगळं मला देऊन मोकळा झाला. काहून द्यावं त्यानं? मी मागितलं होतं का? मोठेपणा तेवढा एक उरला होता, तोही त्यानंच घेतला. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका टपावरचे लोक हसले तेव्हाही आला नव्हता.

सकाळी म्हाताऱ्याला मऊ गादीवर बसवलं. यवतमाळच्या अलीकडचा मोठा चढ आला तेव्हा माझे कान इंजिनात होते. गाडी न अडखळता चढली. आरशात पाहिलं तर मागं काळी-पिवळी जीप. रिकामी. भाडं सोडून, न सांगता मागं मागं येत होता, माझी मोटर बसली तर म्हातारा उघड्यावर राहू नये म्हणून.

"मांगं कोन हाय?" सासऱ्यानं विचारलं.

"कोनी नाई."

"धाकल्या जवायाची जीप हाय ते. आवाज ओळखतो मी."

मी अ‍ॅक्सिलेटर दाबला. जीप मागं पडली नाही.

डोळ्याचं नीट झालं. पट्टी सोडली त्या दिवशी आम्ही दोघंही तिथं. मी मुद्दाम खाटेच्या समोर उभा राहिलो, पहिला मी दिसावा म्हणून, आणि साडूला बाजूला केलं. म्हाताऱ्यानं डोळे मिचकावले, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "जवाईबापू, बुढे झाले तुमी." मग साडूकडं पाहून म्हणाला, "हे तसेच हायेत."

असू द्या.

बाहेर आलो. म्हातारा सगळं नव्यानं पाहत होता, झाडं, पोरं, चहाची टपरी. मोटरीजवळ येऊन मात्र थांबला. तिच्यावरून हात फिरवत मागं गेला आणि टाकीचं झाकण काढून आत वाकून पाहिलं.

"बोळा कुठी गेला?"

आम्ही दोघं एकमेकांकडं पाहायला लागलो.

"मी लावला होता धोंड्याच्या टायमाले. तेल उडून जाऊन राह्यलं होतं तुमच्या मोटरीचं, वास येऊन राह्यला होता. म्हनलं, जिनिंग बंद झाली, आता या मोटरीवरच घर हाय तुमचं. चांगला निवडून घेतला होता कापूस, किडक्या बोंडाची एक कवडी नव्हती त्याच्यात. पडला कुठी?"

"पडला असन, मामाजी," मी म्हणालो.

साडू हसत हसत पुढं आला. "मामाजी, माह्या जिपीले नाई लावला बोळा?"

म्हाताऱ्यानं जिपीकडं पाहिलं, आठवून पाहिलं. "नाई. तुमच्या जिपीले नाई लावला."

साडू हसायचा थांबला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "माह्या टाकीले कुलूप असते. म्हनून."

"कुलूप नसतं तरी लावला नसता," मी म्हणालो.

त्यानं जिपीकडं जाऊन टाकीचं कुलूप उगाच ओढून पाहिलं.

झाकणाला मी नवीन रबर बसवलं. पण म्हाताऱ्याला ते पटलं नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी सासुरवाडीला गेलो, निघताना तो स्वतः मागं जाऊन, आता नीट दिसत असलेल्या डोळ्यांनी, टाकीला बोळा लावून द्यायचा. मी लावू द्यायचो. गावाच्या वळणावर पोचलो की उतरून काढायचो आणि समोरच्या कप्प्यात टाकायचो. सासरा गेला तेव्हा तो कप्पा भरलेला होता.

साडूच्या जिपीच्या कप्प्यात एकही नव्हता. तो एकदा चहाला उतरला होता, तेव्हा मी उघडून पाहिला आहे.